कोलोनोस्कोपी शिकवताना आधी मागे घ्यायला शिकवा

कोलोनोस्कोपी म्हणजे स्कोपने, कॅमेरा असलेल्या लवचिक नळीने, गुदद्वारातून मोठं आतडं तपासणं. नवशिक्या डॉक्टरचा हात स्कोप पुढे ढकलायला शिवशिवत असतो, आणि घोटाळा तिथेच होतो. सिग्मॉइड, म्हणजे मोठ्या आतड्याचा गुदाशयाआधीचा वळणदार भाग, पोटात सैल असतो. जोर लावला की टोक जागेवरच राहतं, मधला भाग ताणला जाऊन लूप, म्हणजे नळीचा वेढा, होतो. रुग्ण 'दुखता, दुखता' म्हणू लागतो तेव्हा नुसतं झोपेचं औषध वाढवू नका, आधी लूप शोधा.

तयारीपासूनच शिकाऊ डॉक्टरला सोबत घ्या. आदल्या दिवशी सोलकढी, कोकम सरबत, तांबडी भाजी बंद. लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो. आतडं साफ करणारं पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं द्रावण दोन हप्त्यांत द्यायचं: अर्धं आदल्या संध्याकाळी, उरलेलं तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून किमान दोन तास आधी संपवायचं. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणहून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात येणाऱ्याला सकाळी आठची वेळ दिलीत तर दुसरा हप्ता एकतर बुडतो, नाहीतर बसमध्ये पंचाईत. त्याला दुपारची वेळ द्या.

पकड: डाव्या हाताचा अंगठा टोक वर-खाली वळवणाऱ्या मोठ्या चाकावर, तर्जनी सक्शन आणि हवा-पाण्याच्या बटणांवर. उजवा हात गुदद्वारापासून 20 ते 30 सेंमी दूर, नळी मुठीत न आवळता बोटांत धरलेली. जवळ पकडली की हात सारखा बदलावा लागतो आणि पीळ देता येत नाही.

लूपची खूण सोपी: नळी आत जाते पण चित्र पुढे सरकत नाही, उलट कधी मागेच येतं. तेव्हा थांबायचं, हवा ओढून घ्यायची, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलका पीळ देत मागे घ्यायचं. बहुतेक वेळा मागे घेतानाच टोक पुढे सरकतं. शिकणाऱ्याला सगळ्यात उशिरा पटते ती हीच गोष्ट. मागे घेताना अडलं किंवा रुग्ण कळवळला तर ओढू नका, पीळ उलट देऊन पाहा. पोटावर दाब द्यायचा तो लूप सुटल्यावर. कूस बदलण्याचा उपाय मात्र लवकर करावा. सरळ स्कोप प्लीहेजवळच्या वळणावर साधारण 50 सेंमी आणि सीकममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, 70 ते 80 सेंमी आत गेलेला असतो. आकडा 100 वर गेला तर लूप आहेच.

शिकवणाऱ्याने शब्द आधी ठरवून घ्यावेत: 'थांब', 'मागे', 'पीळ उजवीकडे', 'हवा काढ'. हात चालू असताना व्याख्यान देऊ नका. आधी थांबवा, मग बोला. प्रगती थांबली म्हणून स्कोप घेतलात तर अडथळा सोडवून त्याच जागी परत द्या.

सीकमचा पुरावा म्हणजे अपेंडिक्सचं तोंड आणि इलिओसीकल झडप (लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथली), दोन्हींचे फोटो. बाहेर येताना बायोप्सीचा वेळ सोडून किमान 6 मिनिटं. प्रत्येक घडीच्या मागे बघायला लावा. अमेरिकन सोसायटी फॉर गॅस्ट्रोइंटेस्टायनल एंडोस्कोपी क्षमता तपासण्याआधी किमान 275 तपासण्या सांगते. नुसती संख्या फसवी असते. म्हणून वहीत लिहा: मदतीशिवाय सीकम गाठलं का, आणि स्कोप कुठे काढून घ्यावा लागला.

स्कोप धुण्याचं काम टेक्निशियनचं म्हणून शिकणाऱ्याला सोडू नका. रुग्णाच्या खाटेजवळच चॅनल (स्कोपच्या आतली पोकळ नळी) धुणं, मग गळतीची चाचणी, ब्रश, निर्जंतुकीकरण. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत चॅनल आपोआप सुकत नाही आणि ओलाव्यात स्यूडोमोनास हा जंतू वाढतो. निदान 10 मिनिटं दाबाची गाळलेली हवा सोडून मगच स्कोप कपाटात उभा टांगायचा.