वाय-फाय सुरक्षित करताना

राउटर जोडला की राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) ब्राउझरमध्ये उघडा आणि वायरलेस सिक्युरिटीत डब्ल्यूपीए३ (वाय-फाय सुरक्षेची नवी पद्धत) निवडा. जुना लॅपटॉप जोडला जात नसेल तर त्याआधीची डब्ल्यूपीए२-एईएस चालेल. डब्ल्यूईपी ही सगळ्यात जुनी पद्धत मात्र नकोच, ती २००१ सालीच फोडली गेलीय.

डब्ल्यूपीए२ असेल तर वाय-फायच्या पासवर्डवर खरी मेहनत घ्या. जोडणीच्या वेळचा सिग्नल एकदा पकडला की हल्लेखोर नंतर निवांत लाखो अंदाज लावून बघू शकतो. मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची आहे. ८ वर थांबू नका, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा. डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून जोडण्याची सोय) बंद करा. आणि हो, राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो. तोही बदला, हे हमखास राहून जातं.