करवंदं आणलीत? मग नुसती खाऊन संपवू नका

एप्रिल-मे आला की पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याकडनं करवंदं कोल्हापुरात येतात, कपिलतीर्थ मंडईत पण दिसतात. हिरवी घ्या आणि काळी पण घ्या, दोघांचं काम वेगळं.

हिरव्यांचा खर्डा बेस्ट. करवंदं चिरताना पांढरा चीक निघतो आणि तो हाताला चिकटून बसतो, म्हणून आधी हाताला आणि सुरीला तेल लावायचं, चिरलेली मिठाच्या पाण्यात टाकायची, बिया काढायच्या, मग तव्यावर थोड्या तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे परतायचे, करवंदं घालून दोन मिनिटं हलवायचं आणि मीठ टाकून तांब्याच्या बुडानं रगडायचं. लिंबू अजिबात नको, आंबटपणा भरपूर असतो. भाकरीसंगं लई भारी लागतं.

काळ्यांचा जॅम करा. यात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा घटक, मुळातच असतं त्यामुळं बाहेरची पावडर लागत नाही. थोड्या पाण्यात शिजवा, चाळणीतनं गाळा, जेवढा गर तेवढीच साखर, आणि थेंब गार बशीवर टाकून बघा, पसरला नाही की गॅस बंद. भांडं स्टीलचंच घ्या हां, आंबट पदार्थ ॲल्युमिनियमला लागतो.

करवंदात व्हिटॅमिन सी, लोह, फायबर असतं, काळा-जांभळा रंग अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्याचा. पण शिजवलं की सी बरंच कमी होतं, आणि जॅममधली साखर बघता त्याला औषध म्हणू नका. सी पाहिजे असलं तर पिकलेली तशीच धुऊन खा.