विमान कंपन्यांचे नियम कुठे शोधायचे: चिपी (सिंधुदुर्ग) आणि मोपा (गोवा) विमानतळांच्या प्रवाशांसाठी

ऐन गणपतीत विमान रद्द झालं की काउंटरवर ‘नियमात बसत नाही’ एवढंच ऐकवलं जातं. कोणता नियम, ते मात्र कुणी सांगत नाही. प्रवाशाला लागणारे बहुतेक नियम सरकारने उघडे ठेवलेले आहेत. कोणता कागद कोणाकडे असतो, एवढं ठाऊक हवं.

पहिली जागा डीजीसीएचं, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, संकेतस्थळ. तिथे ‘सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स’, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम, बोलीत ‘सीएआर’, विभागवार मिळतात. विभाग २ विमानाच्या देखभालीचा, ७ वैमानिकांच्या परवान्यांचा आणि ड्युटीच्या तासांचा, ८ उड्डाणाचा. आपलं काम विभाग ३, मालिका ‘एम’ मध्ये असतं: भाग १ अपंग प्रवाशांसाठी, भाग २ रिफंड, भाग ४ विमान रद्द होणं, उशीर आणि तिकीट असूनही जागा नाकारणं. गूगलवरून जुनी पीडीएफ उतरवून भांडायला जाऊ नका. पानाच्या वरच्या कोपऱ्यातला इश्यू, रिव्हिजन आणि तारीख आधी बघा. प्रवासाच्या दिवशी जी आवृत्ती लागू होती तीच धरायची, आणि तीच आपल्याकडे सेव्ह करून ठेवायची.

भाग ४ वाचताना लोक नेमके कुठे फसतात? आकड्यांवर. विमान रद्द झाल्याच्या भरपाईत १ तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमला ५,००० रुपये, १ ते २ तासांना ७,५०० आणि त्यापुढे १०,००० असे टप्पे आहेत. पण शेजारीच लिहिलंय: ही रक्कम किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. तिकीट अडीच हजारांचं असेल तर साडेसात हजारांची आशा धरू नये. ब्लॉक टाइम म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून पोचून उभं राहीपर्यंतचा वेळ. तिकिटावरच्या दोन वेळांवरून अंदाज येतो.

दुसरी मेख संपर्काच्या नंबरात आहे. बुकिंगच्या वेळी पुरेसा संपर्क तपशील दिला नसेल तर भरपाई मिळत नाही. कुडाळ-मालवणात एजंटकडून तिकीट काढताना कित्येकदा एजंटचाच मोबाईल नंबर पडतो. मेसेज त्याला जातो, आणि प्रवासी सामान घेऊन चिपीच्या दारात. आपला नंबर आणि ईमेल घालायला लावा.

तिसरी मेख हवामान. कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असली तर भरपाई द्यावी लागत नाही. पण पर्यायी विमान किंवा रिफंडचा हक्क त्यामुळे बुडत नाही. पावसाळ्यात कोकणात हे कारण बहुतेक वेळा खरंच असतं. तरी तपासायचं असेल तर त्या तासाचा ‘मेटार’, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, मिळवा.

विमानतळावर कोणती साधनं आहेत हे एअरपोर्ट्स ऑथॉरिटीच्या ‘एआयपी’त, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत माहितीपुस्तकात, सापडतं. त्यात जेन (सर्वसाधारण), ईएनआर (हवाई मार्ग) आणि एडी (विमानतळ) असे तीन खंड. एडी २ मध्ये आपल्या विमानतळाचं पान काढा, आणि २.३ मध्ये कामाच्या वेळा, २.१२ मध्ये धावपट्टी, २.१४ मध्ये दिवे, २.१९ मध्ये दिशादर्शक यंत्रणा पाहा. त्यातले नियोजित बदल २८ दिवसांच्या चक्राने लागू होतात.

कंपनीचे ‘कंडिशन्स ऑफ कॅरेज’, म्हणजे प्रवासाच्या अटी, तिच्या संकेतस्थळावर, बहुधा अगदी तळाशी, असतात. ते सीएआरच्या विरुद्ध असतील तर सीएआर वरचढ. कंपनीचं ऑपरेशन्स मॅन्युअल, म्हणजे विमानं कशी चालवायची याचं अंतर्गत पुस्तक, मात्र उघडं नसतं. त्यासाठी माहिती अधिकाराची वाट आहे, आणि तीही अर्धीच. खाजगी विमान कंपनीला थेट अर्ज करता येत नाही. डीजीसीएकडे असलेली किंवा डीजीसीएला कायद्याने कंपनीकडून मागवता येणारी माहिती डीजीसीएकडूनच मागायची. संपूर्ण मॅन्युअल मागितलं तर व्यापारी गुपित म्हणून कलम ८(१)(ड) पुढे येतं. त्याऐवजी ‘मॅन्युअलच्या अमुक प्रकरणाची मंजूर आवृत्ती, आणि मंजुरीच्या पत्राची प्रत’ असं मागा. उरलेला भाग झाकून द्यावा, यासाठी कलम १० नमूद करा. ‘विमान का रद्द झालं?’ असा प्रश्न विचारू नका; कागद मागा, खुलासा नको.

इथे एक चूक वारंवार होते. राज्याच्या अर्जाला लावतात तसा दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प केंद्राच्या अर्जाला चालत नाही. डीजीसीए केंद्राचं आहे. ‘अकाउंट्स ऑफिसर’च्या नावाने दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा, नाहीतर केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर ऑनलाइन भरा. पोर्टलवरच्या चौकटीत ३,००० अक्षरं मावतात. प्रतीचं शुल्क पानाला २ रुपये. चिपीच्या जमिनीचे आणि भाडेपट्ट्याचे कागद हवे असतील तर ते एमआयडीसीकडे, म्हणजे राज्याकडे. तिथे तो स्टॅम्प चालतो.

उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर त्यांनी तो ५ दिवसांत योग्य जागी धाडायचा असतो. उत्तर आलं नाही वा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं. केंद्राच्या कागदांसाठी दुसरं अपील दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं, एमआयडीसीच्या कागदांसाठी राज्य माहिती आयोगाकडे.