याद्या बाजूला ठेवा, एक दृश्य घ्या

चित्रपटाचा इतिहास शिकायचं ठरवलं की बहुतेक जण आधी याद्या जमवतात: शंभर श्रेष्ठ चित्रपट, अमुक चळवळ, तमुक दिग्दर्शक. यादी असू द्या, पण ती संपवण्याच्या मागे लागू नका. मला विश्लेषण थोडंफार जमायला लागलं ते तीन-चार मिनिटांचं एकच दृश्य पुन्हा पुन्हा बघताना.

आधी नुसतं बघायचं. मग आवाज बंद करून, प्रत्येक कटला, म्हणजे एक शॉट तुटून दुसरा सुरू होतो तिथे, थांबत वहीत टिपायचं: कॅमेरा किती लांब, कुठल्या उंचीवर, हलतोय का, चौकटीत कोण कुठे, शॉट किती सेकंदांचा. शेवटी पडद्याकडे पाठ करून फक्त आवाज ऐकायचा. 'सुंदर', 'प्रभावी' हे शब्द या वहीत वर्ज्य. काम कंटाळवाणं आहे, त्यात वाद नाही.

१९४१ च्या 'सिटिझन केन'मध्ये मुलाला घरापासून दूर पाठवायचं ठरतं ते दृश्य घ्या. मुलगा बाहेर बर्फात खेळतोय. कॅमेरा मागे सरकत घरात येतो. पुढे टेबलाशी आई आणि बँकवाला कागदपत्रं उरकतायत, वडील मधल्या मध्ये विरोध करतायत, आणि पार मागे खिडकीत इवलासा मुलगा खेळतोच आहे. तिन्ही थर एकदम स्पष्ट दिसतात. इथे कट मारून मुलाचा क्लोज-अप दिला असता, तर आपल्याला त्याची दया आली असती आणि विषय संपला असता. कट नसल्यामुळे त्याचं आयुष्य ठरवणारे आणि त्याची काहीच कल्पना नसलेला तो, दोघांवर आपल्यालाच नजर ठेवावी लागते.

आता इतिहासाकडे वळा. जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्पष्ट कसं दिसलं? छायाचित्रकार ग्रेग टोलंडने वाइड अँगल लेन्स, जास्त संवेदनशील फिल्म आणि भरपूर प्रकाश वापरून लेन्सचं छिद्र लहान ठेवलं म्हणून. प्रत्येक काळाला असा 'कसं' विचारत गेलात की सनावळ्या आपोआप डोक्यात बसतात. सुरुवातीचे अनेक बोलपट नाटकासारखे जखडलेले का वाटतात? कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये जायची, म्हणून तो बंद खोक्यात ठेवावा लागे. मग हलणार कसा? फ्रेंच न्यू वेव्हवाले, म्हणजे १९६० च्या आसपासचे तरुण फ्रेंच दिग्दर्शक, रस्त्यावर उतरले, त्यामागे बंडखोरी होतीच, पण हलके कॅमेरेही होते.

मूकपटांना नवखे हसतात, कारण माणसं तुरुतुरु पळताना दिसतात. दोष बहुतेकदा प्रोजेक्शनच्या वेगाचा असतो. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत, आणि पुढे ती फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालवली गेली. वेग दुरुस्त केलेली प्रत मिळवूनच बघा. शिवाय तेव्हा वापरात असलेली नायट्रेट फिल्म पेट घ्यायची, सडायची. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा आज पूर्ण उपलब्ध नाही. तेव्हा 'हे सर्वांत आधी अमक्याने केलं' असं कुणी ठणकावून सांगितलं की मी जरा सावध होते. आपण शिकतो तो उरलेल्या फिल्मांचा इतिहास.

लिहायला बसाल तेव्हा कथा सांगू नका, ती वाचणाऱ्याला माहीत असते. एका शॉटपासून सुरुवात करा आणि तो तिथेच, तेवढाच का, हे एका पानात पटवून द्या. चळवळींची नावं त्यानंतर, लागली तरच.