आठवणीचा फोन लावण्याआधी

गेल्या वर्षी मी रजिस्टरमधून लेकरांच्या आयांचे मोबाईल नंबर उतरवून घेतले, सगळ्यांना आवाजात निरोप पाठवले आणि लसीकरणाच्या दिवशी निवांत अंगणवाडीत जाऊन बसले. दुपार झाली तरी तीनच लेकरं. संध्याकाळी ऊसतोड टोळीच्या एका मुकादमाचा फोन आला, "ताई, माझ्या मोबाईलवर कुणाच्या लेकराच्या सुईचे निरोप येऊ लागलेत? माझी नातवंडं तर शाळेत जातात." एका आईनं ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेताना दिलेला मुकादमाचा नंबरच आमच्याकडंही सांगितला होता.

म्हणून आधी हे करा: नंबर लिहून झाला की आईसमोरच लावून बघा. रिंग कुणाच्या हातात वाजते? "हा तर मालकाचा हाय, अन् ते दिवसभर शिवारात" असं कळलं, तर घरात राहणारा दुसरा फोन विचारा. सासूचा, जावेचा, शेजारणीचा, कुणाचाही चालेल. तोही लावून बघा. रिचार्ज संपलं की काही दिवसांनी इनकमिंगही बंद पडतं, आणि ते तुम्हाला सत्राच्या दिवशी कळून उपयोग नाही.

वही, पेन, चार्जर हे सांगायला नको.

तारखा काढताना दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला घोळ माहेरच्या बाळंतपणाचा. बाळाची नोंद माहेरच्या गावात, नंबर मामाचा, आणि सव्वा महिन्यानं बाई सासरी निघते. दीड महिन्याचा डोस नेमका तेव्हाच येतो. सासरचा नंबर आधीच घ्या आणि... हो, लावून बघा. दुसरा घोळ ऊसतोडीचा. श्रावणात जन्मलेल्या लेकराचा साडेतीन महिन्यांचा डोस कार्तिकात येतो, तोवर टोळी ऊसपट्ट्यात तोडीला गेलेली असते. अशा घरांची वेगळी पानं करा. टोळी कोणत्या भागात जाते, कधी परतते, ते दसऱ्याच्या आसपासच विचारून ठेवा. लसीकरणाचं कार्ड सोबत न्यायला सांगा; सरकारी केंद्रात कुठंही मोफत लस मिळते. डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला पुढं देतात. हे मात्र फोनवर मुद्दाम सांगा, कारण "आता उशीर झाला, राहू द्या" म्हणून बायका येतच नाहीत.

निरोप लहान ठेवा. मराठी एसएमएस सत्तर अक्षरांत बसवायचा, पुढं गेला की त्याचे दोन होतात. खरं तर आवाजातला निरोपच बरा, कितीतरी जणींना वाचायचा कंटाळा असतो, काहींना वाचताच येत नाही. बारशाआधीचं बाळ असेल तर आईचं नाव घ्या. वार, जागा, वेळ, आणि कार्ड आणायचं. बस. उपदेश नको. आदल्या दिवशी संध्याकाळी जेवणानंतर एक, सकाळी एक. दुपारी फोन केला तर मालकच उचलतो आणि "सांगतो" म्हणून विसरतो.

एकाच गल्लीतल्या लेकरांना एकाच दिवशी बोलवा. गोवर-रुबेलाची कुपी फोडली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. सिस्टर एका लेकरासाठी कुपी फोडायला का कचरते, ते मग कळतं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा दीड वर्षाच्या आसपास. त्या दुसऱ्यालाच गळती जास्त, कारण लेकरू धडधाकट दिसतं आणि आईला वाटतं झालं सगळं.

सुईनंतर ताप येऊ शकतो, हे आधीच सांगा. नाही सांगितलं तर पुढच्या वेळी तुमचा फोनच उचलत नाहीत.

पुढचं थोडक्यात. आलेल्यांच्या नावापुढं खूण, न आलेल्यांना त्याच दिवशी फोन, तरीही नाही तर घरी चक्कर. पाच वर्षांच्या बूस्टरचं, म्हणजे वाढीव डोसाचं, वेगळं पान. गुढीपाडव्यानंतर टोळ्या परतल्या की सगळे नंबर परत लावून बघा. हो, सगळे. पट्ट्यात गेलेल्यांची सिम बदललेली असतात.