घरच्या बागेतला बांबू: या चुका टाळा

बांबू लावणाऱ्यांच्या तक्रारी दोनच. ‘वाढतच नाही’ आणि ‘आवरत नाही’. बऱ्याचदा दोन्ही तक्रारी एकाच माणसाच्या असतात, मध्ये तीन-चार वर्षं गेलेली असतात एवढंच.

पहिली चूक रोप घेतानाच होते. मराठीत आपण ‘बांबूचं बेट’ म्हणतो, त्यामुळे बांबू एका जागी गठ्ठ्याने वाढतो असं मनात पक्कं बसलेलं असतं. बाम्बुसा किंवा डेंड्रोकॅलॅमस गटातले बांबू तसेच वाढतात. त्यांचा कंद आखूड आणि जाड असतो, नवा कोंब जुन्या काठीला लागूनच येतो. पण फायलोस्टॅकिस गटातले, म्हणजे सोनेरी काठीचा ऑरिया किंवा काळ्या काठीचा नायग्रा, बेट करत नाहीत. ते जमिनीखालून लांब आडवा कंद सोडतात आणि वाटेल तिथे डोकं वर काढतात. म्हणून ‘क्लंपिंग (बेट करणारा) की रनिंग (पसरणारा)?’ हे विचारल्याशिवाय रोप उचलू नका. सांगणाऱ्यालाच खात्री नसेल, तर रोप कुंडीतून अलगद काढून बघा. मातीच्या गोळ्याभोवती दोरीसारखा, पेरापेरांचा कंद फिरलेला दिसला की समजायचं, हा पसरणारा.

मी हे न बघता नायग्रा लावला होता. दोन वर्षं तो गप्प होता. तिसऱ्या वर्षी रोपापासून दीड मीटरवर, दोन फरश्यांच्या सांध्यातून पेन्सिलीएवढा कोंब आला. ओढला तर शेंडा हातात आला, बाकी खालीच. आठवड्यात शेजारी आणखी दोन. शेवटी फरशी उचलली. खाली आडवा कंद ताणून पडला होता, पेरापेराला एक डोळा (जिथून कोंब फुटतो तो), एक डावीकडे तर पुढचा उजवीकडे. वरचे कोंब कापून काही साधत नाही. कंद तोडून तेवढा तुकडा उपसून काढावा लागतो.

पसरणारा बांबू हवाच असेल तर लावतानाच त्याला कुंपण घाला, तेही जमिनीखाली. जाड एचडीपीई (कडक प्लॅस्टिकची) शीट 60 ते 75 सेंमी खोल पुरायची, वरची कड किंचित बाहेरच्या बाजूला कलती ठेवायची, म्हणजे आडवा येणारा कंद वरच्या दिशेने वळतो आणि डोळ्यांना दिसतो. इथली ठरलेली चूक म्हणजे शीट मातीच्या पातळीला संपवणं. ती 5 सेंमी तरी वर हवी, नाहीतर पाचोळ्याच्या आडून कंद सहज पलीकडे जातो. विटांचा काही उपयोग नाही, सांधा मिळाला की तो घुसतोच. शीट नको असेल तर सभोवार 30 सेंमी खोल चर ठेवा आणि वर्षातून दोनदा त्यात आलेले कंद छाटा. मला हा उपाय जास्त पटतो, फक्त ते ‘वर्षातून दोनदा’ आठवणीने करायला हवं.

आता ‘वाढत नाही’वाले. बांबू गवत आहे, पण आपण त्याच्याकडे झाडासारखी अपेक्षा ठेवतो. झाडाचं खोड वर्षागणिक जाड होतं, बांबूची काठी होत नाही. कोंब जमिनीतून ज्या जाडीचा निघतो तीच त्याची कायमची जाडी. उंचीही साधारण दोन-तीन महिन्यांत पूर्ण होते, पुढे फक्त फांद्या आणि पानं. त्यामुळे करंगळीएवढ्या काठीला खत घालून ती मनगटाएवढी व्हायची वाट बघण्यात अर्थ नाही. ते खत पुढच्या हंगामातल्या कोंबांना जाड करतं. आणि याच काळात लोक ‘मरतुकड्या’ म्हणून बारीक काठ्या छाटतात. पहिली तीन वर्षं कात्री लांब ठेवा, कारण कंदाला पोसतात ती त्याच काठ्यांची पानं. शेंडा छाटला तर ती काठी तिथेच थांबते. कुंपणासाठी हे सोयीचं आहे, उंच आडोसा हवा असेल तर मात्र पश्चात्ताप.

तीन वर्षांनंतर विरळणी हवीच. कोणती काठी कधीची हे नंतर ओळखू येत नाही, म्हणून मी दर हंगामात नव्या काठीवर मार्करने साल लिहून ठेवतो. जुनी काठी जमिनीलगत, पण गाठीच्या अगदी वर कापायची. दोन गाठींच्या मध्ये कापलीत तर पोकळ पेराची वाटी तयार होते, त्यात पाणी साचतं, डास होतात आणि बुंधा कुजतो. बेटात जुन्या काठ्या मधोमध असतात, तेव्हा एका बाजूने वाट करून, घोड्याच्या नालेच्या आकारात आत शिरा.

पानांकडे बघून पाण्याचा अंदाज येतो. पान लांबीत गुंडाळून सुरळी झालं तर तहान लागली आहे. पाणी दिलं की काही तासांत उलगडतं. टोकं तपकिरी, पानं पिवळी आणि माती दिवसेंदिवस ओली, तर निचरा तपासा. नवी पालवी फुटत असताना जुनी पानं गळणं नेहमीचंच, घाबरून खत ओतू नका. गळलेला पाला झाडून नेऊ नका, बुंध्याशी राहू द्या. तो आच्छादनही होतो आणि पानांतली सिलिका मातीत परत जाते.

कुंडीतला बांबू दोन-तीन वर्षांत कंदांनी ठासून भरतो, मग पाणी वरून घालताच बाजूने निघून जातं. रोप काढून करवतीने दोन भाग करा, प्रत्येक भागाला काठी आणि जिवंत डोळे राहतील असे. देठांशी कापसासारखं पांढरं दिसलं आणि मुंग्यांची रांग असली तर तो मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण ही कीड. आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग निंबोळी तेल. आणि पाण्याच्या बाटलीत ठेवलेला ‘लकी बांबू’ मुळात बांबूच नाही, तो ड्रसिना. त्याला यातलं काही लागू नाही.

फुलोरा क्वचितच बघायला मिळतो. काही जातींत तो कित्येक दशकांनी येतो आणि त्यानंतर अख्खं बेट वाळू शकतं. तुमचं रोप कोवळं दिसत असलं तरी ते जुन्या बेटाच्या फुटव्यापासून केलेलं असेल तर वय त्या बेटाचंच. अशा वेळी पाणी-खत देऊन बघायला हरकत नाही, पण बी धरलं तर ते डब्यात जपून ठेवू नका. बांबूचं बी फार दिवस टिकत नाही, ताजं असतानाच पेरा.