हरलेल्या बेसबॉल सामन्याचा हिशेब कसा मांडावा

मुंबईत राहून अमेरिकेतल्या बेसबॉल संघाचा पाठीराखा होण्यात पहिली अडचण घड्याळाची असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी सुरू होणारा सामना उन्हाळ्याच्या महिन्यांत आपल्याकडे पहाटे ४ वाजून ३५ मिनिटांनी सुरू होतो, तर पश्चिम किनाऱ्यावरचा सामना सकाळी पावणेआठच्या सुमारास, म्हणजे नेमका लोकल पकडण्याच्या वेळी. २०२३ साली पिचरने चेंडू किती सेकंदांत टाकावा यावर बंधन आल्यापासून सामने सरासरी दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आटोपू लागले आहेत, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावरच्या संघाचा पराभव डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाडीत शिरण्याआधी शेवटपर्यंत पाहून होतो. ही सोय समजावी की शिक्षा, याविषयीचे माझे मत हंगामागणिक बदलते. माझा संघ कोणता, ते येथे सांगत नाही, कारण नाव सांगितले की लोक सहानुभूती दाखवतात आणि ती मला सोसत नाही.

क्रिकेटवर वाढलेला माणूस बेसबॉल पाहू लागला की त्याचा राग हमखास चुकीच्या खेळाडूवर निघतो, असा माझा स्वतःवरून अनुभव आहे. पिचर म्हणजे गोलंदाज, बॅटर म्हणजे फलंदाज आणि लाइनअप म्हणजे फलंदाजीचा क्रम, अशी सरळ भाषांतरे मनात ठेवून आपण पाहतो, आणि मग चोर सोडून संन्याशाला फाशी देतो. यावर मी एक साधा उपाय करतो. दोनशे पानी वहीत प्रत्येक सामन्यासाठी एक पान राखून त्यावर पिचिंग, हिटिंग आणि लाइनअप असे तीन रकाने आखायचे, सामना संपल्यावर धावफलक, ज्याला तिकडे बॉक्स स्कोअर म्हणतात, तो समोर ठेवायचा आणि पराभवाचा किती वाटा कोणत्या रकान्यात जातो, ते दहा मिनिटांत लिहून काढायचे. शिव्या द्यायच्याच असतील तर त्या त्यानंतर द्याव्यात.

पहिला रकाना पिचिंगचा, आणि सर्वांत जास्त घोटाळा तेथेच होतो. बॉक्स स्कोअरमध्ये पिचरच्या नावापुढे त्याने टाकलेल्या इनिंग, दिलेले हिट, दिलेल्या धावा, त्यांपैकी त्याच्या खात्यावर धरलेल्या धावा, वॉक आणि स्ट्राइकआउट हे आकडे असतात. बेस म्हणजे धावेच्या वाटेवरचे टप्पे, हिट म्हणजे बॅटरला सुखरूप बेसवर नेणारा फटका, वॉक म्हणजे न खेळलेले चार चेंडू ठरलेल्या पट्ट्याबाहेर पडल्याने त्याला फुकट मिळालेला पहिला बेस, आणि स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइक झाल्याने त्याचे बाद होणे. इनिंगचा आकडा वाचताना ५.१ याचा अर्थ पाच पूर्णांक एक दशांश असा घेऊ नये. एका इनिंगमध्ये तीन गडी बाद होतात, म्हणून ५.१ म्हणजे पाच इनिंग आणि एक बाद, हे आपल्या षटकांच्या हिशेबासारखेच आहे. पिचरच्या खात्यावरच्या धावांना ९ ने गुणून इनिंगने भागले की जो आकडा येतो, त्याला ईआरए म्हणतात. ५.१ इनिंगमध्ये चार धावा दिल्या, तर ३६ भागिले पाच पूर्णांक एक तृतीयांश, म्हणजे ६.७५. दशांश समजून भागाकार केला तर ७.०६ येतो आणि पिचरवर उगाच जास्तीचा अन्याय होतो.

खरी मेख मात्र पुढे आहे. एके पहाटे आमच्या संघाच्या सुरुवातीच्या पिचरने पाच इनिंगमध्ये केवळ एक धाव दिली होती. सहाव्या इनिंगमध्ये एक गडी बाद झाल्यावर त्याने एक हिट आणि लागोपाठ दोन वॉक देऊन तिन्ही बेस भरले, आणि मॅनेजरने त्याला बोलावून घेतले. मी स्वयंपाकघरात होतो. फोन चहापत्तीच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि गॅसवर दूध होते. नव्याने आलेल्या रिलिव्हरचा दुसराच चेंडू बॅटरने डाव्या कोपऱ्यात मारला, बेसवरचे तिन्ही रनर घरी, म्हणजे धाव पूर्ण होते त्या होम प्लेटवर, पोहोचले आणि आमची आघाडी गेली. मी ओट्यावर हात आपटला, तोवर दूध उतू गेले होते. न्यू जर्सीतल्या भाच्याचा संदेश लगेच आला: ‘मामा, ह्या रिलिव्हरला आधी घरी पाठवायला हवं.’ सामना संपल्यावर बॉक्स स्कोअर पाहिला, तर त्या तिन्ही धावा सुरुवातीच्या पिचरच्या खात्यावर होत्या आणि रिलिव्हरच्या नावापुढे धावांचा आकडा शून्य होता.

याचे कारण असे की, धाव ज्या रनरने काढली, त्याला बेसवर ज्याने जाऊ दिले, त्या पिचरच्या खात्यावर ती लिहिली जाते. क्रिकेटमध्ये चेंडू ज्याचा, धावा त्याच्या, त्यामुळे हा नियम पचायला वेळ लागतो. म्हणून पहिल्या रकान्यात मी नेहमी दोन ओळी लिहितो: मैदान सोडताना पिचरने मागे किती रनर ठेवले, आणि पुढच्याने त्यांतले किती घरी येऊ दिले. त्या पहाटेचा हिशेब मी निम्मा-निम्मा वाटला. रिलिव्हरला त्याच्या शून्यामुळे निर्दोष सोडायचे नाही आणि त्याच्या एका चेंडूसाठी सगळे खापरही त्याच्यावर फोडायचे नाही. मुळात दोन वॉक हेच त्या इनिंगचे दुखणे होते.

पिचरच्या नावापुढे जे विजय आणि पराभव मांडलेले असतात, त्यांच्याकडे तर पाहूच नये. २०१८ साली न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमने २१७ इनिंग टाकल्या, त्याचा ईआरए १.७० होता, आणि तरीही त्याच्या नावावर १० विजय व ९ पराभव लागले, कारण तो मैदानात असताना त्याच्याच संघाला धावा जमत नव्हत्या. त्याच्या लीगमधल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार त्या वर्षी त्यालाच मिळाला. ईआरएवरही डोळे झाकून विसंबण्यात अर्थ नाही. क्षेत्ररक्षकाने सोपा चेंडू सोडला तर ती चूक लिहिली जाते आणि पिचरचा ईआरए वाचतो, पण जड पावलांचा क्षेत्ररक्षक चेंडूपर्यंत पोहोचलाच नाही, तर तो हिट ठरतो आणि पिचर भरडला जातो. पिचर खरोखर बिघडला आहे की त्याच्या मागची माणसे, हे पाहायचे असेल तर महिनाभराचे स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे कुंपणापार गेलेले फटके, यांचे आकडे घ्यावेत, कारण या तिन्ही गोष्टींत क्षेत्ररक्षकांचा हात जवळजवळ नसतो.

चांगला चाललेला पिचर काढला म्हणून मॅनेजरवर चिडणे ही बेसबॉल पाहणाऱ्यांची सर्वांत जुनी खोड असावी. २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात टॅम्पा बे रेज लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध १-० ने पुढे असताना रेजच्या ब्लेक स्नेलने केवळ ७३ चेंडूंत नऊ स्ट्राइकआउट घेतले होते, एकही वॉक दिला नव्हता, आणि डॉजर्सचे पहिले तीन बॅटर त्याच्यासमोर सहापैकी सहा वेळा स्ट्राइकआउट झाले होते. सहाव्या इनिंगमध्ये दुसरा हिट पडताच मॅनेजर केव्हिन कॅशने त्याला काढले. त्यानंतर आलेल्या निक अँडरसनला डॉजर्सच्या मुकी बेट्सने डबल, म्हणजे बॅटरला दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका, मारला आणि डॉजर्सनी सामना व मालिका दोन्ही जिंकले. कॅशच्या निर्णयामागचा तर्क खरा होता: एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरे जाताना बॅटर सरासरीने अधिक यशस्वी ठरतात, हे अनेक वर्षांच्या आकड्यांतून दिसते. तरीही मला विचाराल तर तो निर्णय चुकीचाच होता, कारण सरासरी हजारो सामन्यांची असते आणि त्या रात्री समोर उभा असलेला माणूस एकच होता. अशा वेळी वहीत निर्णय आणि निकाल वेगवेगळे लिहावेत. निकाल वाईट लागला एवढ्यावरून निर्णयाला वाईट ठरवले, तर मॅनेजरने काहीही केले तरी तो गुन्हेगारच ठरतो.

दुसरा रकाना हिटिंगचा. येथे मुंबईकराला खरे तर जन्मजात फायदा आहे, कारण शिवाजी पार्कच्या कडेला उभे राहून ज्याने आपल्या फलंदाजांचा खडूसपणा पाहिला आहे, त्याला वॉकचे मोल शिकवावे लागत नाही. तरीही आपण ते विसरतो आणि बॅटिंग ॲव्हरेजच्या मागे लागतो. ॲव्हरेजमध्ये वॉक धरलेच जात नाहीत. समजा, एक बॅटर हंगामात ६०० वेळा खेळायला आला, त्याने ३० वॉक घेतले आणि उरलेल्या ५७० संधींत १६० हिट मारले, त्याचे ॲव्हरेज.२८१ येते आणि तो लोकांच्या गळ्यातला ताईत होतो. दुसराही ६०० वेळाच आला, पण त्याने ९० वॉक घेतले आणि ५१० संधींत १२८ हिट मारले, त्याचे ॲव्हरेज.२५१ भरते आणि भाचा मला त्याला विकून टाकण्याविषयी लिहितो. आता दोघे बेसवर किती वेळा पोहोचले, ते मोजावे: पहिला १९० वेळा, दुसरा २१८ वेळा. ह्या दुसऱ्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या माणसाने २८ वेळा जास्त स्वतःला बाद होण्यापासून वाचवले, आणि नऊ इनिंगच्या सामन्यात एका संघाला मिळतात ते २७ बाद. पहिल्याचे फटके लांब जात असतील तर गोष्ट वेगळी, म्हणून ऑन बेसच्या आकड्यासोबत स्लगिंगचाही, म्हणजे फटक्यांवर किती बेस मिळाले ते दाखवणारा, आकडा पाहावा. पण चेंडू सोडण्याची ज्याची तयारी आहे, त्याला आळशी म्हणू नये.

स्ट्राइकआउटविषयीही आपल्या मनात त्रिफळा उडाल्याची लाज बसलेली असते. पहिल्या बेसवर रनर असताना आणि एकही बाद नसताना बॅटरने शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या, हातात जमिनीवरून चेंडू मारला, तर बहुधा दोघे बाद होतात. स्ट्राइकआउट झाला, तर एकच. ‘निदान चेंडूला बॅट तरी लावायची’ हे आपले नेहमीचे वाक्य त्या प्रसंगी संघाला महागात पडणारे असते. रनर पुढच्या बेसवर ताटकळत ठेवून इनिंग संपणे हा दुसरा नित्याचा त्रास आहे, आणि त्याबाबत एवढेच सांगता येते की, एका सामन्याचा आकडा लिहावा, पण निष्कर्ष महिन्यानंतर काढावा, कारण रनर दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर असतानाची संघाची कामगिरी दीर्घकाळात त्याच्या एरवीच्या कामगिरीच्या जवळपास येऊन थांबते. एरवीच हिट पडत नसतील, तर आडात नाही ते पोहऱ्यात येणार कोठून?

तिसऱ्या रकान्यात सर्वांत जास्त आरडाओरडा होतो आणि बहुधा तोच सर्वांत कमी भरतो. पाचव्या क्रमांकाच्या बॅटरला सहाव्यावर का पाठवले, यावर मी आणि भाच्याने एकदा आठवडाभर वाद घातला. नंतर मी हिशेब केला. बेसबॉलमध्ये क्रम प्रत्येक इनिंगला नव्याने सुरू होत नाही, जेथे थांबला तेथून पुढे चालू राहतो. सामना नऊपैकी कोणत्याही जागेवर संपू शकतो, म्हणून वरच्या जागेला तिच्या खालच्या जागेपेक्षा प्रत्येक सामन्यात सरासरी एक नवमांश संधी जास्त मिळते. हंगामात १६२ सामने असतात. त्यांना ९ ने भागले की १८ येतात. म्हणजे ज्या बदलासाठी आम्ही आठवडाभर भांडलो, त्याची किंमत सहा महिन्यांत १८ संधी एवढी होती. पहिल्या आणि नवव्या जागेत मात्र १४४ संधींचे अंतर पडते, म्हणून बेसवर न पोहोचणारा चपळ खेळाडू केवळ पायांच्या जोरावर सलामीला येत असेल, तर तक्रार रास्त आहे आणि ती ठळक अक्षरांत लिहावी.

क्रमापेक्षा नऊ जणांत कोण आहे आणि बाकावर कोण बसले आहे, हा प्रश्न मोठा. तो विचारण्याआधी समोरचा पिचर कोणत्या हाताचा आहे ते पाहावे, कारण डावखुरे बॅटर डावखुऱ्या पिचरसमोर साधारणपणे अडखळतात आणि त्या दिवशी आपला आवडता डावखुरा बाकावर दिसला, तर त्यामागे सूड नसून हिशेब असतो. बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा येऊ शकत नाही, त्यामुळे मॅनेजर कोणाला राखून ठेवतो, तेही या रकान्यात नोंदवावे.

हे सगळे लिहिताना १६२ हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठा काढून ठेवावा. २०२४ साली शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले, आधुनिक काळात एका हंगामात इतके सामने दुसरा कोणताही संघ हरलेला नाही, आणि तरीही त्यांनी ४१ सामने जिंकले. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकणारे डॉजर्स साखळीत ६४ वेळा हरले होते. त्यामुळे तीन सलग पराभवांनंतर पान भरून लिहिण्याऐवजी मी दर वीस सामन्यांनी तिन्ही रकान्यांची बेरीज करतो आणि तेवढीच भाच्याला पाठवतो. ती पाठवण्याचा उपयोग जुलैच्या अखेरीस, कधी ऑगस्ट उजाडताना येणाऱ्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या मुदतीपर्यंतच असतो. ती मुदत टळली की दुसऱ्या संघाशी अशी अदलाबदल करून नवा पिचर किंवा बॅटर आणता येत नाही, आणि त्यापुढे बाकावर कोण बसले आहे, याविषयीची ओळ मी पेन्सिलनेच लिहितो.